हेलीच्या बुटांचं माप

ग्रिम्स्बी
रविवार, २१ नोव्हेंबर १९९३

नेव्ह,

काल दार आपटून गेलास, त्याने वरच्या काचेला तडा गेलाय. दुरुस्तीला कौन्सिलचा माणूस यायचा तेव्हा येईल, तोवर मी पुठ्ठा लावलाय. एवढं सांगायला हे पत्र लिहीत नाही, पण तेही कळू दे तुला.

तू मला बोलूच दिलं नाहीस. पोरीचा खर्च भर म्हणून सरकारकडून आलेला तो खाकी लिफाफा माझ्या नाकासमोर नाचवत होतास आणि 'नाव दिलंस, माझं नाव दिलंस' एवढंच चाललं होतं. शेजारच्या मिसेस पॉटर भिंतीला कान लावून होत्या, त्यांची चांगली करमणूक झाली. आता शांतपणे वाच. मी तुझं नाव दिलेलं नाही. सहा वर्षं भत्त्याच्या दर फॉर्मवर 'मुलीचे वडील कुठे आहेत, माहीत नाही' असं लिहीत आले, आणि मुलीचे वडील दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात चहा ढोसत बसलेले! ब्रेडच्या डब्याखाली तू वीस पौंड ठेवायचास, मी ते बघितलंच नाही असं दाखवायचे. हे इतकं सरळ चाललेलं मी कशाला मोडेन? मला काय वेड लागलंय?

झालं ते असं. दोन तारखेला भत्त्याच्या ऑफिसातून एक माणूस चौकशीला आला. रेनकोटातून पाणी ठिबकत होतं, गालिचा भिजवला मेल्याने. दारातच हेलीचे बूट होते, ऑगस्टमध्ये तू घेतलेले. तो म्हणाला, 'वा, काय छान बूट! कुणी घेतले गं?' पोरगी भोळी. म्हणाली, 'डॅडीने. तो दर शनिवारी येतो, मासे घेऊन.' त्याने वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघून हसला. मी काय करणार होते? तिच्या तोंडावर हात ठेवणार होते?

आणि तिनेच कबूल केलं ना तुझ्यासमोर? जिन्यावर उभी होती, नाइटगाऊनमध्ये. मी म्हटलं, हेलीने सांगितलं त्या माणसाला, तर ती खाली बघून म्हणाली, 'हो डॅडी, मीच सांगितलं.' तू ऐकलंस. ऐकून तिच्याकडे असं बघितलंस की मला तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली. आठ वर्षांचं लेकरू आहे ते.

तर आता राग सोड आणि शनिवारी ये. मागच्या दाराने ये, पुढचं मी बंदच ठेवते. तुझ्या घरी पत्र पाठवलं तर तुझी जॅनिस फोडेल, म्हणून हे तुझ्या आईकडे देते. सोबतचं कार्ड हेलीने केलंय, मी सांगितलेलं नाही. मासा काढलाय त्यावर. आत लिहिलंय, 'मी चुकले. परत नाही सांगणार.'

लॉरेन


रविवार, १२ डिसेंबर

नेव्ह,

तीन शनिवार झाले. तिसऱ्या शनिवारी ती नऊ वाजल्यापासून मागच्या पायरीवर बसली होती, अंगात कोट, पायात ते बूट. मी म्हटलं, आत ये, गारठशील. म्हणाली, 'आतून मला फाटक दिसत नाही.' बारा वाजता मी तिला ओढून आत आणलं, चक्क ओढून. नाक लाल झालं होतं.

माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ. पोरीने काय घोडं मारलंय? खरंच आली तिच्या तोंडून एक गोष्ट, त्याची एवढी शिक्षा? बाप आहेस की न्यायाधीश?

ख्रिसमसला तरी ये. टर्की नाही, कोंबडी आहे, पण मोठी आहे. तुझ्या आईलाही बोलावलंय. एडना म्हणते, 'मला तुमच्या दोघांच्या मध्ये घालू नका, मी फक्त कोंबडी खायला येईन.' ये रे.

पुन्हा एक कार्ड आहे. हे पण तिनेच केलंय.

लॉ.


शनिवार, ५ फेब्रुवारी १९९४

नेव्ह,

एडनाने सांगितलं की तू माझी पत्रं वाचतोस, पण वाचून काही बोलत नाहीस. कार्डं खिशात घालतोस म्हणे. बरं. निदान फेकत नाहीस.

मला आज एकच सांगायचंय आणि ते तू डोकं ठिकाणावर ठेवून वाच. तुझ्या पगारातून आठवड्याला एकेचाळीस पौंड कापतात, हे मला जॅनिसकडून कळलं. बेकरीच्या रांगेत भेटली. लुईस बाबागाडीत झोपला होता, तुझंच नाक आहे बिचाऱ्याला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मग एकदम वळली.

'झालं समाधान?'

'कसलं समाधान?'

'एकेचाळीस पौंड! वर मागची बाकी म्हणून आणखी कापणार. लुईसचा पाळणा परत केला मी दुकानात. कपाटाच्या ड्रॉवरमध्ये झोपतं माझं पोर.'

मी म्हटलं, 'जॅनिस, मला त्यातला एक पैसा मिळत नाही.'

'हो का? मग कुणाला मिळतात? राणीला?'

रांगेतल्या दोघी फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं, खरं सांगते, आणि ते तिने बघितलं. पण नेव्ह, ती बोलली ते अगदी खरं आहे. राणीलाच म्हण. सोमवारी मी पोस्टात माझं भत्त्याचं पुस्तक दिलं, खिडकीतल्या बाईने शिक्का मारला आणि जेवढे आधीच्या सोमवारी दिले होते तेवढेच पैसे समोर सरकवले. तुझ्याकडून जेवढे येतात तेवढेच माझ्या भत्त्यातून कमी होतात. इकडून आले, तिकडून गेले. मी ऑफिसात फोन करून विचारलं. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, 'तुम्हाला काही फरक पडणार नाही, मॅडम.'

फरक पडणार नाही म्हणे! ब्रेडच्या डब्याखालचे वीस गेले. मासे गेले. हेलीला सायकल शिकवणारा माणूस गेला, ती सायकल अंगणात गंजतेय. तुझ्या लुईसचा पाळणा गेला. आणि मॅडमला फरक पडत नाही.

हे सगळं तुला समजावं एवढंच वाटतं. मी तुझ्या पैशावर मजा मारत नाहीये. माझ्या घरात तुझा एक पैसा नाही. पैसा नको म्हणून मी कधी म्हणाले नाही, पण मला तो असा नको होता. तू येऊन चहा प्यायला असतास तर मी पैशाचं नावही काढलं नसतं.

आज शनिवार. ती पायरीवर बसायचं थांबली नाही, फक्त आता उशी घेऊन बसते.

लॉरेन


शनिवार, १२ मार्च

नेव्हिल,

पूर्ण नाव लिहिलंय, यावरून ओळख मी कशी आहे ते.

हॉलंड! तुझी आई सकाळी आली, कोट न काढताच बसली आणि म्हणाली, 'गेला तो. आयमाउडनला. तिथल्या मासळीबाजारात मासे कापायचं काम मिळालंय.' मला वाटलं, मस्करी करतेय. मग तिने रुमाल काढला. तुझी आई, नेव्हिल! तुझा बाप बोटीसकट गेला तेव्हा जिच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, ती माझ्या टेबलाशी बसून रडली. म्हणाली, 'इथे राहिला असता तर पगारातून सगळं ओरबाडून घेतलं असतं त्यांनी. तिकडे त्यांचा हात पोचत नाही.'

बरोबर आहे. हात पोचत नाही. गुरुवारी मलाही पत्र आलं, 'सदर व्यक्ती देशाबाहेर असल्याने वसुली करता येत नाही. आपल्या भत्त्यात बदल होणार नाही.' म्हणजे आता कुणालाच काही मिळत नाही. ना मला, ना राणीला. तू चौदा वर्षांची नोकरी सोडलीस, जॅनिस एकटी पोर सांभाळतेय, आणि माझं पुस्तक जसंच्या तसं. शाब्बास. सगळ्यांनी मिळून काय झकास काम केलंय!

सांगून तरी जायचं होतंस. मला नाही, तिला. मलाच सांगावं लागलं. मी म्हटलं, डॅडी कामाला गेलाय लांब. तिने शाळेचा नकाशा काढला आणि बोट ठेवून बघितलं. म्हणाली, 'एवढंसंच तर आहे. माझ्या बोटाएवढं.' मी म्हटलं, मध्ये समुद्र आहे ना. तर थोड्या वेळाने विचारते, 'तिथे शनिवार असतो का गं मम्मी?'

मी मोरीचा नळ सोडला आणि उगाच भांडी घासत राहिले. 

एडनाकडे पत्ता आहे, पण मला देत नाही. पत्रं पाठवीन म्हणते. म्हणून हे लिहितेय. खरं तर तुला शिव्या द्यायला बसले होते. हेलीचं कार्ड सोबत आहे. यात तिने पाच वेळा 'सॉरी' लिहिलंय, पाच रंगांत. बघ आणि लाज वाटू दे.

लॉरेन


गुरुवार, १६ जून

नेव्ह,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता पाचव्यांदा फाडायचं नाही असं ठरवलंय.

सोमवारी शाळेतून निरोप आला, नर्सबाईंना भेटा. मी धास्तावले, म्हटलं डोक्यात उवा झाल्या की काय. नर्सबाईंनी हेलीला खुर्चीत बसवलं होतं, पाय पाण्याच्या टबात. बोटं सगळी सोललेली, दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. मला बघवेना. त्या म्हणाल्या, 'हे बूट हिला कधीचे घट्ट होतायत, तुमच्या लक्षात आलं नाही?' नेव्ह, मला खरंच माहीत नव्हतं. ती लंगडत नव्हती. मोजे मात्र मला धुवायला देत नव्हती, स्वतः धुवायची. मला वाटलं, मोठी झाली. मग नर्सबाईंनी मोजे दाखवले. मोज्यांची पुढची टोकं कात्रीने कापून टाकली होती, बोटांना जागा व्हावी म्हणून.

मी तिला म्हटलं, 'अगं वेडे, सांगायचं ना! दुसरे घेतले असते.' तर म्हणाली, 'माप डॅडी आल्यावर घ्यायचं असतं.'

तुला आठवतंय का, दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दहा वाजता, शाळा उघडायच्या आधी? दुकानातली आयरिस ती सरकत्या पट्टीची फळी खाली ठेवायची आणि हेली आधी डावा पाय ठेवायची, नेहमी डावा. गेल्या वर्षी नंबर तेरा आला, लहान पोरांच्या मापांतला शेवटचा, तेव्हा तू म्हणालास, 'तेरा झाले. आता पुढच्या वर्षी पुन्हा एकपासून सुरुवात, परत बाळ होणार तू.' आणि ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. घरी येऊन मला दहादा सांगितलं तिने. म्हणून मला माहीत.

आणि म्हणूनच आता मी सांगते. नाव मी दिलं.

तो रेनकोटवाला आला त्याच्या आधीच दिलं होतं. २६ ऑक्टोबरला, मंगळवारी. शाळेला आठवड्याची सुट्टी होती म्हणून हेलीला बरोबर घेऊन गेले होते ऑफिसात. ती कोपऱ्यात मण्यांच्या चौकटीशी खेळत होती, अर्धे मणी कुणीतरी पळवलेले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, 'वडिलांचं नाव सांगितलं नाहीत तर तुमच्या भत्त्यातून आठवड्याला आठ पौंड ऐंशी कापणार.' पण मी आठ पौंड ऐंशीसाठी नाव दिलं, असं तुला वाटू देणार नाही. उन्हाळ्यातही त्यांनी हीच धमकी दिली होती. तेव्हा मी म्हटलं होतं, कापा, काय कापायचं ते कापा. आणि घरी येऊन मिसेस पॉटरना सांगून वर हसले होते.

मी दिलं ते ऑगस्टमुळे. गेल्या ऑगस्टमध्ये तू जॅनिसला घेऊन गेलास दुकानात. तिचं पोट एवढं पुढे आलेलं, तिलाही बसवलंत, तिचाही पाय मोजलात गंमत म्हणून. हेली हे सगळं खिदळत सांगत होती. आणि मग म्हणाली, 'आयरिसने जॅनिसलाच मम्मी म्हटलं! म्हणाली, मम्मी, जरा अंगठा दाबून बघा, जागा आहे का. आणि जॅनिसने दाबून बघितलं!' हेलीला गंमत वाटली. मला काय वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आपण दुकानात कधी तिघं गेलो नाही, नेव्ह. तू म्हणायचास, दोघांना एकत्र कुणी बघितलं तर ऑफिसात जाऊन सांगेल. मी सहा वर्षं घरी बसून वाट बघितली, आणि तिच्या बुटाचा अंगठा दाबला दुसरीने.

आणि पंचवीस ऑक्टोबरला फ्रीमन स्ट्रीटवर तुला बघितलं. नवी कोरी बाबागाडी ढकलत होतास. हेलीची गाडी तू एकदाही ढकलली नाहीस, म्हणायचास पुरुषाला शोभत नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोराने विचारलं, 'नाव?' आणि मी सांगितलं. एकेक अक्षर सांगितलं, हळूहळू, त्याला नीट लिहिता यावं म्हणून. मग डॉकवरच्या तुझ्या मालकाचं नाव सांगितलं. ते तर त्याने विचारलंही नव्हतं.

नंतर तू आलास लिफाफा घेऊन, आणि तुझा तो चेहरा बघून माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात मला जिन्यावर हेली दिसली. तिने त्या रेनकोटवाल्याला सांगितलं ते खरं होतं, पण ते नंतरचं होतं, त्याने काही झालं नव्हतं. मी माझ्या पोरीच्या अंगावर ढकललं, नेव्ह. आणि ती 'हो' म्हणाली. तिला वाटलं असेल, खरंच तिच्यामुळे झालं. सात महिने ती तेच घेऊन हिंडतेय. पायाची सालं निघाली तरी.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. म्हणायला तोंडच नाही. तू मला आयुष्यात परत तोंड दाखवू नकोस, चालेल. पण तिला अजून सांगायची माझी छाती होत नाही, आणि माझ्या एकटीच्या सांगण्याने काय होणार? तिला तू पाहिजेस. ऑगस्टचा शेवटचा शनिवार सत्तावीस तारखेला आहे. दहा वाजता दुकानात ये. मी बाहेर थांबेन, रस्त्याच्या पलीकडे थांबेन, तुला दिसणारही नाही. फक्त माप घे तिचं.

बोटीचं भाडं लागलं तर कळव. मिसेस पॉटरकडून उसने घेईन.

लॉरेन

ता. क. यात कार्ड नाही. मी तिला म्हटलं, आता पुरे झाली कार्डं. तिने विचारलं, 'का? तो येणारे का?'


शनिवार, २७ ऑगस्ट

नेव्ह,

तू आला नाहीस.

पत्र तुला मिळालं, हे मला माहीत आहे. एडनाने स्वतः पोस्टात टाकलं आणि तुझी पोच आली, असं म्हणाली. आणखी काय म्हणाला विचारलं तर ती कोटाची बटणं लावायला लागली. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. पण मी सकाळी हेलीचे केस विंचरले, पांढऱ्या रिबिनी बांधल्या. ती माझ्या मोठ्या चपला घालून आली, पायाला फडकी गुंडाळून, कारण जुने बूट मी जूनमध्येच कचऱ्यात टाकले होते. तिने ते परत काढून पलंगाखाली ठेवलेत, मला माहीत नाही असं तिला वाटतं.

दहाला आम्ही पोचलो. ठरल्याप्रमाणे मी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले, ती एकटी आत गेली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. साडेदहा झाले. अकरा. आयरिसने तिला बिस्किट दिलेलं मला दिसलं. दर बसगणिक ती मान लांब करायची. पावणेबाराला मी रस्ता ओलांडला, मला आणखी उभं राहवेना. तिला बाहेर घेऊन आले आणि दुकानासमोरच्या बाकावर बसवलं.

मी म्हटलं, 'हेली, मला तुला काहीतरी सांगायचंय. डॅडी गेला तो तुझ्यामुळे नाही. तू त्या माणसाला सांगितलंस त्याने काही झालं नाही. डॅडीचं नाव मीच दिलं होतं, आधीच. मी खोटं बोलले. तुझ्यावर ढकललं.'

मला वाटलं, ती रडेल. मारेल मला. मी तयार होते. ती रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

'माहितेय मला,' म्हणाली.

'काय माहितेय?'

'मी तिथेच होते ना. मण्यांजवळ. तू त्या दादाला डॅडीच्या नावाचं स्पेलिंग सांगत होतीस. नेव्हिल म्हणताना दोनदा चुकलीस.'

 मी म्हटलं, 'अगं मग तू हो का म्हणालीस? जिन्यावर? मीच सांगितलं, असं का म्हणालीस?'

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढी साधी गोष्ट मला कळत कशी नाही.

'तुझ्यावर रागावला की तो खूप दिवस येत नाही. माझ्यावर रागावला की दोनच दिवस असतो. म्हणून मी म्हटलं, माझ्यावर असू दे. शनिवारी येईल.'

नेव्ह, त्यालाही आता नऊ महिने झाले.

मी रडले बाकावर, सगळ्या रस्त्यासमोर. लोक बघत होते, बघू दे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, तुझी आई फिरवते तसा, थोपटून थोपटून. मग उठली आणि म्हणाली, 'चल, माप तर घेऊ या. दुकान बंद होईल.'

आत गेलो. आयरिस उठली. फळी खाली ठेवली. हेलीने आधी डावा पाय ठेवला. आयरिसने पट्टी सरकवली आणि म्हणाली, 'दीड. बाई गं, केवढी वाढलीस!' मी नवे बूट दाखवायला सांगत होते, पर्समध्ये पैसेही होते, मिसेस पॉटरकडून घेतलेले, तुझ्या भाड्यासाठी. पण हेली म्हणाली, 'आज नाही घ्यायचे.' आयरिसकडे कोरा कागद मागितला, जमिनीवर ठेवला, त्यावर पाय ठेवला आणि पेन्सिलीने भोवती रेघ काढली. अंगठ्यापाशी लिहिलं, 'इथे जागा ठेव.'

तो कागद सोबत आहे. जपून उघड, पेन्सिल पुसली जाते. मी तिला सांगितलं की माझ्यावरचा राग अजून गेला नसेल, कदाचित जाणारही नाही. ती म्हणाली, बुटांना काय त्याचं? तू पाठव किंवा घेऊन ये. आलास तर मी घरात नसेन, एडनाकडे जाऊन बसेन. किल्ली मागच्या दाराच्या कुंडीखाली असते, तशीच.

शाळा सहा सप्टेंबरला उघडते. तोवर ती माझ्या चपलांत चालेल.

लॉरेन